मला सरळ दिसलेला क्रूस

बाबांचा ओळंबा घरात दाराशेजारच्या खुंटीला लटकलेला असायचा आणि वर्षभरात फार तर दोनदा खाली उतरायचा. भिंत सरळ आहे का ते बघायचा, दोरीला बांधलेला, पितळेचा, पेरूएवढा, चांगला जड. लहानपणी मला त्याच्याशी खेळायची बंदी होती, पण बाबा स्वतः त्याला विचारायचे नाहीत. अंधेरीच्या पूर्वेकडच्या सगळ्या पाखाड्यांमध्ये, म्हणजे आमच्या लोकांच्या वस्त्यांमध्ये, बस्त्याव मेस्त्री म्हटलं की लोक डोळ्याकडे बोट दाखवायचे. भिंत छातीएवढी उठली की बाबा वीसेक पावलं मागं जायचे, एक डोळा मिटायचे, मान तिरपी करायचे आणि म्हणायचे, "चौथ्या थराला भाईर आलीय. काडा." हाताखालची माणसं कुरकुरत दोरी लावून बघायची आणि थर खरंच बाहेर आलेला असायचा. मग बाबा बिडी पेटवायचे आणि काहीच न बोलता इतका भाव खायचे की आईला हसू आवरायचं नाही.

आई असेपर्यंत दुसरं मत तिचं असायचं. डबा घेऊन ती कामावर जायची, तेव्हा बाबा तिला लांब उभं करून, नावाने हाक मारून विचारायचे, "आना, बग गो, काय वाटतं?" आई नाकावरचा घाम पुसून बघायची आणि सांगायची. दोघांचं जमलं की भिंत पक्की. आई गेली तेव्हा मी तेरा वर्षांची होते. त्यानंतर डबा मी न्यायला लागले आणि "बग गो" माझ्या वाट्याला आलं. कत्रीन मावशी, म्हणजे आईची थोरली बहीण, आमचं घर सांभाळायला आली होती. ती म्हणायची, "पोरीची नजर आमच्या घराची हाय. नाक तेवडं त्यांचं." नाकाबद्दल तिचं बरोबर होतं.

बाबांच्या डोळ्यांचं मला जेवणाच्या पाटावर कळलं. शुक्रवारी घरात मासे असायचेच. एके दिवशी बाबा म्हणाले, आता काटेरी मासळी नको, तोंडाला बरी लागत नाही. ज्या माणसाने जन्मभर मांदेलीचा काटा न बघता जिभेने वेगळा केला, त्याला अचानक नुसते बोंबील आवडायला लागले. मावशी म्हणाली, वय झालं. मी मात्र बघत होते. ते भाकरीचा तुकडा कालवणात बुडवायच्या आधी वाटीची कड बोटाने शोधायचे. मोठ्या दवाखान्यात मीच त्यांना घेऊन गेले. डॉक्टर म्हणाले काचबिंदू आहे, एक डोळा गेलाच आहे, दुसराही जाणार, फार उशिरा आलात. परत येताना बाबांनी मला इराण्याकडे ब्रून मस्का खाऊ घातला आणि म्हणाले, "फिलू, ह्ये कुनाला सांगायचं नाय. मावशीला पन नाय. मेस्त्रीला दिसत नाय म्हंजे मेस्त्री मेला." मी पाव चावत मान हलवली. तेव्हापासून बाबांचा डोळा मीच. भिंत मी बघायचे, हळूच त्यांच्या कानाशी सांगायचे आणि ते मोठ्याने हुकूम सोडायचे. दीडएक वर्ष कुणाला पत्ता लागला नाही. मला त्याचा गर्व होता, तो आज लपवण्यात काही अर्थ नाही.

पाखाडीच्या कडेला, भातखाचरांच्या तोंडाशी, जुना लाकडी क्रूस होता. मे महिन्यात त्याला फुलं, पताका घालून रोज संध्याकाळी सगळा गाव तिथे प्रार्थनेला जमायचा, आणि पहिल्या व शेवटच्या दिवशी उकडलेले चणे वाटायचे. त्या वर्षी वाळवीने लाकूड आतून पार खाल्लेलं निघालं. गावाने ठरवलं की आता दगडाचा क्रूस, आणि बसवायचा बस्त्याव मेस्त्रीनेच. चर्चमध्ये नवी शाळा बांधायची बोलणी चालली होती. फादर बाबांना म्हणाले, "मेस्त्री, हा क्रूस नीट उभा करा, मग शाळेचं काम दुसऱ्या कुणाला कशाला द्यायचं?" बाबा घरी येऊन मला कोपऱ्यात घेऊन म्हणाले, शाळेचं काम चार वर्षं चालेल. चार वर्षं तू आणि मी. तोवर तुझं लग्न होईल, मग मी आंधळा झालो काय आणि नाही झालो काय. आमच्या दोघांचं सगळं त्या एका दगडावर येऊन ठेपलं होतं.

दगड जवळच्या खाणीतून आला. त्या काळी रोज दुपारी खाणीत सुरुंग उडायचे आणि आमच्या फडताळातल्या बाटल्या किणकिणायच्या. एप्रिल संपत आलेला, त्यामुळे घरोघरी मसाला कांडणं चाललेलं. मिरच्या, धणे, आणि नाव घेताना दम लागेल इतके जिन्नस भाजून बायका लाकडी उखळीत आलटून पालटून मुसळ घालायच्या आणि सबंध पाखाडी शिंकायची. तयार मसाला मावशी दारूच्या रिकाम्या गडद बाटल्यांमध्ये काठीने ठोकून ठोकून भरायची. मुसळाचा तो धम-धम आवाज मला अजून ऐकू येतो. आता मसाला पाकिटातून येतो आणि शिंका फक्त धुळीने येतात.

माझ्याकडे आणखी एक काम होतं. पाखाडीतल्या गेलेल्या माणसांची नावं एका फळीवर लिहायची, ती फळी क्रूसाच्या पायाशी उभी करायची आणि फादरांनी नावं वाचायची, असं ठरलं होतं. माझं इंग्रजी अक्षर चांगलं होतं. कॉन्व्हेंटमधल्या सिस्टरने छड्या मारून मारून आमच्याकडून तिरकं अक्षर घोटून घेतलं होतं, सगळी अक्षरं उजवीकडे सारखीच झुकलेली. फळीला पांढरा रंग देऊन मी तिच्यावर पेन्सिलीने वरपासून खालपर्यंत तिरक्या रेघा मारून घेतल्या, बोटाबोटाच्या अंतरावर, म्हणजे एकही अक्षर आपली मान वेगळी करणार नाही. मग काळा रंग आणि बारीक ब्रश. क्रूस उभा करायच्या दिवशी सकाळपासून मी ओट्यावर त्या फळीसमोर बसले होते. आईचं नाव मी मुद्दाम सगळ्यात शेवटी ठेवलं होतं. नाक फळीला लागेल इतकं वाकून तीन तास लिहीत होते, त्या रेघांवाचून दुसरं काही बघितलं नाही.

दगड चढवायला गावातले आठ-दहा पुरुष लागले. दोर, बांबू, आरडाओरड. चौथऱ्यातल्या खाचेत बूड सरकवून त्यांनी तो उभा केला, चारी बाजूंनी लाकडाच्या पाचरी ठोकल्या. क्रूस खाली रुंद आणि वर निमुळता होता. असल्या दगडाच्या अंगाला ओळंबा लावून काही कळत नाही, कारण त्याची बाजूच तिरकी असते. तो लांबूनच बघावा लागतो. बाबांनी हाताने चाचपून, पाचरी मागेपुढे करून तो जमेल तसा धरला होता. मानू काका गावचा पुढारी, मोठ्या पोटाचा, सगळ्यात नाक खुपसणारा. तो लांब जाऊन बघून आला आणि म्हणाला, "झकास हाय मेस्त्री! सिमेंट ओता, उनात मानसं मरतील."

"थांब," बाबा म्हणाले. "माजी पोरगी बगेल."

हे मला नंतर कळलं. तेव्हा फक्त निरोप आला, फिलूला बोलव. मी आईच्या नावाचं पहिलं अक्षर अर्धं टाकून उठले. जाताना शेजारच्या घरांच्या दारांच्या चौकटी मला जराशा डावीकडे झुकल्यासारख्या वाटल्या. घरं जुनीच होती, त्यामुळे मी त्यावर विचार केला नाही. क्रूसासमोरच्या विहिरीशी जाऊन उभी राहिले. क्रूसाच्या मागं मोकळी खाचरं आणि आभाळ, त्याच्या उजव्या अंगाला लांब एक चिंच. मी बाबांसारखाच एक डोळा मिटला. क्रूस डावीकडे कललेला होता. शंकाच नको इतका कललेला.

"चिंचेकडं!" मी ओरडले.

माणसांनी एकमेकांकडे बघितलं. बाबांनी पाचर ठोकली.

"अजून चिंचेकडं! अजून थोडा! बस. बस बाबा, सरळ!"

मानू काका म्हणाला, "अगो बाय, आता कलल्यावानी नाय वाटत?"

बाबा पहिल्यांदाच एवढ्या मोठ्याने त्याच्यावर खेकसले. "माज्या पोरीनं बगितलंय ना? ओता सिमेंट." मी पुन्हा बघितलं. सुतात होता. मी वर हात करून सांगितलं, बरोबर आहे. आणि धावत परत येऊन आईचं नाव पुरं केलं.

आता मी जे लिहिणार आहे ते मी कुणालाही सांगितलेलं नाही. संध्याकाळी ब्रश रॉकेलमध्ये धुऊन मी घागर घेऊन विहिरीवर गेले. ऊन उतरलं होतं, क्रूसावर केशरी उजेड होता. तो कललेला होता. चिंचेकडे, चांगला वीतभर, दारू पिऊन उभ्या राहिलेल्या माणसासारखा. मी डोळे चोळले, विहिरीच्या दुसऱ्या बाजूला गेले, मागं गेले, पुढं आले. काही फरक पडला नाही. सिमेंट ओलं होतं. बोट दाबलं तर थोडं आत जात होतं. त्या वेळी बाबांना हाक मारली असती, तर माणसं पुन्हा जमली असती, शिव्या दिल्या असत्या, सिमेंट खरवडून काढलं असतं आणि दुसऱ्या दिवशी दगड पुन्हा उभा राहिला असता. बाबांची थोडी थट्टा झाली असती, बस.

मी घरी गेले तेव्हा बाबा ओट्यावर बसून हाताला खोबरेल चोळत होते आणि गुणगुणत होते. आई गेल्यापासून त्या घरात कुणी गुणगुणलं नव्हतं. मावशीने ताडीने पीठ फुगवून फुग्या तळायला घेतल्या होत्या, क्रूसाच्या सणाआधीच, कामाचा शीण उतरवायला. "बस गो," बाबा म्हणाले, "आज तू तुज्या आयची जागा घेतलीस." त्यांनी चाचपून सगळ्यात मोठी फुगी माझ्या हातात दिली. ती गरम होती. मी खाल्ली. मी मनात म्हटलं, उद्या सांगते. उद्या सिमेंट दगड झालं होतं.

मे महिन्यात, सणाच्या पहिल्या दिवशी फादरांनी प्रार्थना म्हटली, क्रूसावर पवित्र पाणी शिंपडलं, फळीवरची नावं वाचली. नाव वाचलं की त्या त्या घरातलं कुणी तरी रडायचं. सगळ्यांच्या माना खाली होत्या तोवर ठीक होतं. चणे वाटायला सुरुवात झाली, माना वर झाल्या, आणि मागं उभ्या असलेल्या तरुणांमध्ये कुजबूज सुरू झाली. एकाने मान तिरकी करून क्रूसाची नक्कल केली. बायका हसल्या. मानू काका कुठून तरी ओळंबा घेऊन आला. कुणाचा होता कोण जाणे, आमचा तर खुंटीला होता. तो विहिरीशी उभा राहिला, दोरी हातभर पुढं धरली, आणि म्हणाला, "मेस्त्री, मी म्हनत नाय. तुमीच बगा."

बाबा शांतपणे गेले. दोरी हातात घेतली. एक डोळा मिटला. पण त्यांनी चुकून बरा डोळा मिटला होता. मग ते उमजून त्यांनी दुसरा मिटला. दोरी त्यांच्या नाकासमोर हलत होती आणि ते तिला शोधत होते, बोटाने. त्यांनी दुसऱ्या हाताचं बोट वर करून दोरीला लावलं, ती आहे का ते बघायला. हसणाऱ्या पोरांनी माना खाली घातल्या, आणि ते हसण्यापेक्षा वाईट होतं. बाबांनी दोरी मानू काकाला परत दिली. म्हणाले, "सरळ हाय. माज्या पोरीनं बगितलाय."

मानू काकाने माझ्याकडे बघितलं, मग त्यांच्याकडे. तो वाईट माणूस नव्हता. "हां मेस्त्री," तो हळू म्हणाला, "सरळच हाय." आणि बाबांच्या दंडाला धरून त्याने त्यांना चौथऱ्यापर्यंत आणलं, आंधळ्याला आणतात तसं.

क्रूस काढून पुन्हा बसवायचं कुणी नाव काढलं नाही. आशीर्वाद झालेल्या क्रूसाला पहार लावणार कोण? शाळेचं काम वांद्र्याच्या कुठल्याशा मेस्त्रीला मिळालं. बाबांना कुणी काही बोललं नाही, फक्त कामाला बोलावलं नाही. ते ओट्यावर बसू लागले. पावसाळा सरेपर्यंत दुसरा डोळाही गेला. मी शाळा सोडली आणि एका बिस्किटांच्या कारखान्यात पाकिटं चिकटवायला जाऊ लागले. बाबा माझ्यावर कधी चिडले नाहीत. चिडले असते तर मी सांगून टाकलं असतं, असं मला वाटतं. पण तेही खोटं असेल. ते दिवसभर विचार करायचे आणि रात्री जेवताना नवं कारण सांगायचे. चौथऱ्याखालची माती खचली असेल. खाणीच्या सुरुंगाने हलला असेल. कुणी तरी रात्री येऊन दांडगाई केली असेल. आणि प्रत्येक वेळी शेवटी विचारायचे, "पन फिलू, तुला सरळ दिसला हुता ना?"

"हो बाबा. सरळ दिसला होता."

हे खरं होतं. ते जाईपर्यंत नऊ वर्षं मी हेच खरं सांगत राहिले. जाण्याच्या आदल्या दिवशीही त्यांनी विचारलं. मावशीला वाटलं भ्रम झालाय. मी म्हटलं, "हो बाबा." त्यांनी माझा हात थोपटला.

माझी नात मेरिल मेंदूचा अभ्यास करते. दोन वर्षांपूर्वी सुटीत घरी आली तेव्हा करमत नाही म्हणून तिने मला लॅपटॉपसमोर बसवलं. पडद्यावर तिरक्या रेघा होत्या, उजवीकडे झुकलेल्या. "आजी, एक मिनिट हलू नकोस, हेच बघत राहा." मग रेघा गेल्या आणि एकच रेघ आली. "ही कशी आहे?"

"डावीकडे कललीय."

"नाही ना! एकदम सरळ आहे. सगळ्यांना असंच दिसतं." ती खुशीत होती. तिने मला समजावून सांगितलं. डोक्याच्या मागच्या बाजूला मेंदूत पेशींचे गट असतात, प्रत्येक गट एका ठरावीक झुकावासाठी जागा होतो. कुणी सरळ रेघेला, कुणी थोड्या उजव्या, कुणी थोड्या डाव्या. एखादी गोष्ट कशी उभी आहे हे सगळ्या गटांचा मिळून जो आवाज येतो त्यावरून ठरतं. उजवीकडच्या रेघा खूप वेळ बघितल्या की तो गट थकतो, बसतो. मग सरळ रेघ समोर आली की उजवीकडचे आवाज कमी पडतात, डावीकडचे तेवढेच राहतात, आणि रेघ डावीकडे कललेली वाटते. चर्चच्या गाण्यात एका बाजूच्या बायकांचा घसा बसला तर सूर दुसरीकडे जातो, तसंच काहीसं, असं मी मनात धरून ठेवलं. काही वेळाने ते गट विसावा घेऊन परत जागे होतात. "डोळ्याचा दोष नाही यार आजी, नजर वाईट नाही, कुणाचीच चूक नाही," मेरिल म्हणाली. "आणि तुला हे होतंय हे माहीत असलं तरी ते होतंच."

मी उठून स्वयंपाकघरात गेले आणि नळ सोडून उभी राहिले. साठ-पासष्ट वर्षं मी स्वतःला विचारत होते की त्या दुपारी माझ्या डोळ्यांना काय झालं होतं. त्याचं उत्तर एका पोरीने खेळता खेळता माझ्या हातात दिलं. त्या फळीवर तीन तास वाकून बसलेल्या कुणालाही तो क्रूस डावीकडे कललेला दिसला असता. बाबांनाही, डोळे असते तर. आणि मी येण्याआधी तो सरळ होता. मला वाटलं होतं की हे कळलं की मला हलकं वाटेल. नाही वाटलं. दुपारची चूक मेंदूची होती, असं म्हणू. संध्याकाळी मेंदू विसावला होता, मला नीट दिसत होतं, सिमेंट ओलं होतं आणि मी फुगी खाल्ली. त्यावर मेरिलकडे काही रेघा नाहीत. मी तिला विचारलंही नाही.

क्रूस अजून आहे. खाचरं गेली, चिंच गेली, विहीर बुजवून तिच्यावर कुणी तरी बाक टाकलंय. चारी बाजूंना उंच इमारती उभ्या आहेत, त्यामुळे त्याचं कलणं आता जास्तच डोळ्यांत भरतं. नवे लोक त्याच्याबरोबर मान वाकडी करून फोटो काढतात. फळी माझ्याकडे आहे. पांढरा रंग पिवळा पडलाय, पण पेन्सिलीच्या रेघा दिसतात आणि आईचं नाव सगळ्यात खाली आहे.

गुडघे ठीक असले तर मी सकाळी ती पिशवीत घालून जाते आणि बाकावर बसते. फळी मांडीवर उभी धरून त्या तिरक्या अक्षरांकडे बघत राहते, माळेचे दहा मणी होईपर्यंत, हलायचं नाही. मग मान वर करते. आणि क्रूस सरळ उभा असतो. बाबांनी उभा केला होता तसा, सुतात. मी मनात म्हणते, "हो बाबा, सरळ आहे." एक 'नमो मारिया' पुरी होईपर्यंत तो तसाच राहतो, कधी कधी तेवढाही नाही. मग हळूहळू चिंचेच्या बाजूला जायला लागतो, मी बघत असताना, आणि तो पूर्ण कलला की मी फळी पिशवीत घालून घरी येते.